अपुरी वाकळ

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या गाठोड्यात जुन्या लुगड्यांचे थर घातलेली अर्धी वाकळ, नातवाचे बिनबाह्यांचे झबले आणि सुईवर अडकलेली लोकरीची टोपी अशी तीन कामे एकाच वेळी मुलतवी पडलेली असावीत, यात नवल नाही. परंतु घटकाभर फुरसत लाभताच त्यांतील कोणते हाती घ्यावे, हा प्रश्न वरकरणी गृहकृत्याचा दिसला तरी मला तो धर्मविचाराचाच वाटतो. एकाग्रता एकाच वस्तूला चिकटण्यात आहे, की हाती असेल तीत पूर्णपणे उतरण्यात? गुरु ग्रंथसाहिबात ज्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, त्या नामदेवांनी गज आणि कात्री ही आपल्या शिंपी कुळाची अवजारेच भक्तीची रूपके म्हणून स्वीकारली. भजनासाठी निराळी फुरसत त्यांनी मागितली नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४० वा श्लोक आरंभिलेले वाया जात नाही असे आश्वासन देतो, आणि वाकळीचा धावदोरा त्याची साक्ष देतो: सहा महिन्यांनी घडी उलगडावी, शेवटचा टाका जागेवरच असतो. विणकामाचे मात्र तसे नाही. सुई निसटली की टाके एकामागून एक उसवत जातात. म्हणून ज्याला वाट पाहता येत नाही, त्याचा तगादा आधी ऐकावा, असा माझा निवाडा आहे.

आणि बाह्या लागण्यापूर्वीच मूल वाढले, तर ते झबले वाकळीच्या थरात जाते.