सातवा नियम

श्रावणातला शेवटचा रविवार. इंदूरच्या अन्नपूर्णा रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्या शेजारच्या घराच्या गच्चीवरल्या खोलीत अकरावीतला एक मुलगा दोन मोबाइल, एक जुना लॅपटॉप आणि शंभर पानी वही घेऊन बसला होता. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे मुलांच्या तोंडचा ‘बीजीएमआय’, या गेमच्या चाहत्यांचा त्यांचा गट आहे. त्यात उषा नगर, सुदामा नगर, द्वारकापुरीची मुलं आहेत आणि शिकायला पुण्याला गेलेले इंदूरचेच काही जण. त्या संध्याकाळी सोळा संघ होते, प्रत्येकात चौघे. तीनपैकी तिसरा सामना रंगात आला असताना पाऊस कोसळला, एका वस्तीची वीज गेली, तिच्याबरोबर वायफाय गेलं आणि गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या संघातले दोघे खेळाबाहेर फेकले गेले.

लगेच फोन सुरू झाले. एक आवाज म्हणे, रिमॅच घे. दुसरा म्हणे, “नहीं भिया, जो हो गया सो हो गया.” मुलानं माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्ही खो-खोचे पंच होतात ना? अशा वेळी काय करायचं?”

मी विचारलं, “तुमच्या नियमांत काय लिहिलंय?”

“याबद्दल काहीच नाही.”

त्या संध्याकाळपासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मुलं मोबाइलवर काय खेळतात याची काळजी आपण सगळेच करतो, मीही करतो. पण स्पर्धा भरवणारा मुलगा नेमकं काय करत असतो, याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची वही पाहिली आणि मला माझ्या पंचगिरीच्या दिवसांतली वही आठवली. कोणत्या संघाला कोणता स्लॉट, संघनायक कोण, सामन्याची वेळ. सामन्याच्या खासगी ऑनलाइन रूमचा आयडी आणि पासवर्ड फक्त पंधरा मिनिटं आधी द्यायचा, म्हणजे तो बाहेर फुटत नाही. उशिरा येणाऱ्यासाठी सामना थांबवायचा नाही. फक्त मोबाइलवर खेळायचं; संगणकावरून खेळणाऱ्याला माउसचा फायदा मिळतो, म्हणून तो बाद. दोन संघांनी आतून हातमिळवणी केली, ज्याला मुलं ‘टीमिंग’ म्हणतात, तर दोन्ही बाद. शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट हाच पुरावा. असे सहा नियम त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

त्यामागचं गणितही साधं नाही. सोळा जणांची बाद पद्धतीची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते, पण एका वाईट दिवशी चांगला खेळाडू घरी जातो. प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवलं तर न्याय जास्त होतो, पण सामने होतात १२०. बुद्धिबळवाल्यांना हीच अडचण आली होती. तिच्यावर मधला मार्ग म्हणून १८९५ साली झुरिचच्या स्पर्धेत जी पद्धत वापरली गेली, ती आज स्विस पद्धत म्हणून ओळखली जाते. बीजीएमआयचा प्रश्न आणखी वेगळा. इथे सोळाही संघ एकाच वेळी एकाच बेटावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ कुठे आक्रसेल हे कुणाच्या हाती नसतं. म्हणून पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सहा, मग पाच, चार असे उतरते, शिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक, आणि सामने एकाहून अधिक. नशिबाचा वाटा कमी करायचा तर सामने वाढवावे लागतात. तीन सामने अपुरे आहेत हे त्या मुलाला ठाऊक होतं. पण सोमवारी शाळा होती, आणि रात्री नऊनंतर खेळायचं नाही हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे शेवटचं. हा गेम संपण्यासाठी बनवलेलाच नाही. एक डाव हरला की पुढचा तयार असतो, बक्षिसाची पेटी उद्या पुन्हा उघडायची असते. या गेमवर अठराखालच्यांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण ती बाहेरून घातलेली मर्यादा. स्पर्धेला मात्र सुरुवात असते, मध्यंतर असतं आणि शेवट असतो. निकाल लागतो, हार स्वीकारावी लागते, फोन खाली ठेवावा लागतो. मुलांच्या अमर्याद खेळाला काठ देणारी एवढी चांगली गोष्ट दुसरी मला सुचत नाही. आई-बापांनी स्पर्धेला विरोध करावा आणि रोजच्या दिशाहीन खेळण्याकडे दुर्लक्ष करावं, हे मला उलटं वाटतं.

अर्थात या स्पर्धेचं मैदान मुलांचं नाही. दसरा मैदानावर टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायला कुणा मालकाची परवानगी लागत नाही. गेमचं बेट मात्र कंपनीचं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं बीजीएमआयचाच आधीचा अवतार असलेल्या पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि खेळणाऱ्यांचे गट बेघर झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला तो ॲप स्टोअरमधून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. सुरक्षेच्या कारणांशी मला वाद घालायचा नाही. मी त्या मुलांच्या वह्यांचा विचार करतोय. आणि मालक स्वतःच हात आखडता घेतो तेव्हा? ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा २००१ चा गेम त्याच्या चाहत्यांनीच जगवला. २०१३ मध्ये ‘इव्हो’ या मोठ्या स्पर्धेत कोणता गेम घ्यायचा यासाठी कर्करोग संशोधनाकरिता देणग्यांची चुरस लागली, तेव्हा एकट्या मेलीच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलरांहून जास्त जमवले. त्याच गेमची ऑनलाइन स्पर्धा करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मालक कंपनी निन्टेंडोनं थांबवली, कारण चाहत्यांनी घरबसल्या खेळता यावं म्हणून बदललेली प्रत वापरली होती. कायदा कंपनीच्या बाजूनं असेल. पण गेम कुणामुळे जिवंत राहिला, हा प्रश्न तरी उरतोच.

खेळ मालकाच्या मर्जीवर असणं इंदूरला नवं नाही. होळकरांच्या आश्रयानं इथे उभा राहिलेला क्रिकेट संघ सी. के. नायडूंसारखे खेळाडू घेऊन चार वेळा रणजी करंडक जिंकला. आश्रय सरला आणि १९५४-५५ च्या मोसमानंतर होळकर नावाचा संघ रणजीत दिसला नाही. आश्रयावर उभं राहिलेलं आश्रयाबरोबर जातं. राहतं ते खेळणाऱ्यांनी स्वतः बांधलेलं. खो-खोचं उदाहरण मला जवळचं आहे. गल्लोगल्ली वेगवेगळ्या तऱ्हेनं खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये बांधले. कबड्डीला शिस्त लावण्यात बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा वाटा मोठा. हे काम सरकारनं केलं नाही, व्यापाऱ्यानं केलं नाही. भांडणं झाली, कुणीतरी वही उघडली, आणि पुढच्या खेपेला भांडण होऊ नये म्हणून एक ओळ वाढवली.

म्हणूनच यात पैसा येऊ नये याबद्दल मी आग्रही आहे. गटातल्या काही जणांचं म्हणणं होतं की संघामागे दोनशे रुपये घ्यावेत आणि जिंकणाऱ्याला वाटावेत. नाहीतर कुणी गंभीरपणे खेळणार नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, खासगी रूम उघडायच्या कार्डालाही पैसे लागतात. पण २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: मान्यता आणि नोंदणी असलेला ई-स्पोर्ट, पैसे न लावता खेळायचा सामाजिक गेम, आणि पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा गेम. तिसरा प्रकार चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्टला प्रवेश शुल्क आणि बक्षीस चालतं, पण गच्चीवरची स्पर्धा म्हणजे नोंदलेला ई-स्पोर्ट नव्हे. सोळा वर्षांच्या मुलानं मित्रांचे दोनशे-दोनशे रुपये गोळा करून तिसऱ्या प्रकाराच्या उंबऱ्यावर जाऊ नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

कायदा नसता तरी मी तेच सांगितलं असतं. पैसा आला की पंच हा पंच राहत नाही, खजिनदार होतो, आणि वीज गेल्याचं भांडण दोनशे रुपयांचं भांडण होतं. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘स्पेसवॉर’ची जी स्पर्धा झाली, ती व्हिडिओ गेमच्या पहिल्या स्पर्धांपैकी एक. तिचं बक्षीस होतं ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी. आमच्या मुलांनी शेवटी सराफ्यात जिंकणाऱ्या चौघांना गराडू खाऊ घालायचे ठरवले, थंडी पडल्यावर.

इथल्या मराठी माणसाला गणेशोत्सव करता येतो, नाट्यस्पर्धा करता येते, वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिता येतो. परीक्षकाच्या निर्णयावर रुसलेल्या मंडळाची समजूत काढण्याचा अनुभव आपल्या पन्नाशी-साठीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांपाशी आहे. तो या मुलांपर्यंत पोचत नाही, कारण त्यांचा खेळ आपल्याला खेळ वाटत नाही. गोळीबाराचा गेम मलाही आवडत नाही. पण वही मला कळते.

त्या रात्री मी निर्णय दिला नाही. एवढंच म्हणालो, की जो नियम खेळ सुरू होण्याआधी नव्हता तो खेळ संपल्यावर लावता येत नाही. बाकी तू ठरव. ज्या संघातले दोघे फेकले गेले, तो त्याच्या सख्ख्या मित्राचा होता. चाळीस मिनिटं फोनवर आरडाओरडा चालला. शेवटी त्यानं निकाल कायम ठेवला. मित्रानं फोन आपटला आणि तीन दिवस बोलला नाही.

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर गेलो तेव्हा वही उघडी होती. सातव्या क्रमांकापुढे वेगळं, तिरकं अक्षर होतं: पहिल्या पाच मिनिटांत संघातले दोन किंवा अधिक खेळाडू बाहेर पडले तर सामना पुन्हा, त्यानंतर नाही. “हा कुणी लिहिला?” मी विचारलं. त्यानं खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा मित्र पोहे खात बसला होता.