आसऱ्याची अट

स्थलांतरितांच्या मुलांमध्ये ख्रिस्ती मिशनने केलेल्या कार्याची चर्चा सेवा कोठे संपते आणि धर्मप्रसार कोठे सुरू होतो या प्रश्नाभोवती फिरत राहते. परंतु एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्ककडे पाहता अधिक मूलगामी प्रश्न असा दिसतो की, ज्या मुलाला आसरा द्यायचा त्याच्या आईबापांविषयी मिशनची धारणा काय आहे.

प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी १८५३ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन केली आणि पुढल्याच वर्षापासून शहरातील गरीब मुले, ज्यांत आयरिश व जर्मन स्थलांतरितांची पुष्कळ होती, आगगाडीने पश्चिमेकडील कुटुंबांत पाठविण्यास प्रारंभ केला. गाव आले की मुलांना चर्चमध्ये किंवा सभागृहात ओळीने उभे करीत आणि जमलेले लोक त्यांतून निवड करीत. यांतील अनेकांचे आई किंवा वडील हयात होते, आणि कित्येक कॅथलिक मुले प्रॉटेस्टंट घरांत वाढली. ब्रेस यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्या करुणेला मुलाचे घर हेच संकट वाटत होते.

गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव धारण करणाऱ्या इटालियन संन्यासिनी फ्रान्सिस्का कॅब्रिनी यांना खरे तर चीनला जायचे होते. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना पश्चिमेकडे वळविले आणि १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे इटालियनांना स्वधर्मीयांतही मान नव्हता: मॉट स्ट्रीटवरील ट्रान्सफिगरेशन चर्चमध्ये त्यांची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तळघरात होई. कॅब्रिनी यांच्या धर्मभगिनींनी कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण, इटालियन भाषेत दिले, शाळा आणि अनाथालये काढली, आणि मुलाबरोबर त्याचे घरही आपल्या सेवेच्या कक्षेत घेतले.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याला घरात घेणाऱ्यांना आपण प्रत्यक्ष कोणाची सेवा केली हे ठाऊकच नसते. म्हणजे तेथील सेवा कशाचेही साधन नाही. या कसोटीला ब्रेस यांची योजना उतरत नाहीच, पण कॅब्रिनी यांचे कार्यही पूर्णपणे उतरत नाही, कारण इटालियन मूल प्रॉटेस्टंट मिशनच्या हाती जाऊ नये ही चिंता त्यामागे होती. तथापि भाकरी आणि श्रद्धा यांतून एकाची निवड करण्याची पाळी त्यांच्या दारी आईबापांवर येत नव्हती. निदान कॅथलिक आईबापांवर तरी नाही.