चित्रातली बरणी



आज एका बरणीविषयी बोलायचे आहे, आणि तीही चित्रातल्या.

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी सुरू झाली. गिरणीकामगारांचे हात रिकामे झाले, तसे चित्रकारांचेही झाले. सरकारने त्यांच्यापुढे नुसता शिधा टाकला नाही, काम दिले. १९३५ ते १९४२ या काळात त्यांनी जुन्या वस्तूंची सुमारे १८,००० जलरंगचित्रे काढली. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हे त्या कामाचे नाव. ती चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांत गोधड्या आहेत, बाहुल्या आहेत, आणि लोणी-लोणचे साठवायच्या जाड मातीच्या बरण्याही आहेत.

ही बरणी इतकी कडक भाजतात की तिच्यात पाणी मुरत नाही. भट्टी पुरती तापली की कुंभार आत मीठ टाकतो. मिठाची वाफ मातीशी एकजीव होते आणि संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत चकाकी चढते. ती वरून फासलेली नसते; आगीत मातीचीच झालेली असते. आपण कपाळी विभूती लावतो, तेव्हा हे आठवावे.

चित्रकार ती बरणी कोऱ्या कागदावर एकटीच उतरवतो. मागे पडदा नाही, शेजारी फूल नाही. काठाचा टवका उडाला असेल तर तोही पोटाच्या गोलाईइतक्याच सबुरीने रंगवायचा. फुटके भांडे म्हणून हात आखडायचा नाही. याला कायक नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

आपले कुंभार गुंडय्या मडके थापटत आणि त्या तालावर शिव नाचे, अशी कथा हरिहर कवीने सांगितली आहे. गुंडय्या नाचासाठी देवळात गेले नाहीत. शिवच कुंभारवाड्यात आला.

काम सुटलेल्या माणसाला भुकेपेक्षा एक गोष्ट अधिक बोचते: आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही. असे लोक आपल्याही गावात आहेत. दासोहाच्या पंक्तीला येतात, मान खाली घालून जेवतात, कुणाशी न बोलता उठून जातात. त्यांना वाढायचेच, त्यात वाद नाही. पण येत्या सोमवारी मठाच्या कोठीतल्या बरण्या उतरवून धुवायच्या आहेत. ‘अण्णा, जरा हात लावता का?’ असे त्यांच्या दारी जाऊन विचारायला आपल्यातले कोण जाणार आहे?