पाखरांशी खोटे बोलावे काय?

प्रश्न विचारणाऱ्याचे वय जितके लहान, तितके उत्तर देणाऱ्याचे दारिद्र्य अधिक उघडे पडते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस तो पुन्हा एकदा आला. नाशिकला पावसाची झड लागली होती, गंगेला पाणी चढले होते, आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले याची शेजारीपाजारी चौकशी चालली होती. अशा एका संध्याकाळी इंग्लंडहून नातवाचा फोन आला. आमची कन्या तेथे परिचारिका आहे. ती, जावई, अकरा वर्षांचा नातू आणि वर्षभराचा काळा लॅब्रॅडॉर कुत्रा असे त्यांचे कुटुंब लिंकनशायर परगण्यात एका खेड्याच्या कडेला राहते.

शेजारच्या शेतकऱ्याने त्या दिवशी या सर्वांना कबुतरांच्या शिकारीला नेले होते. नातवाने सगळे क्रमवार सांगितले. गहू कापून नेलेल्या रानात शेतकऱ्याने प्लॅस्टिकची डझनभर कबुतरे आखूड काड्यांवर मांडली. रंग करडा, मानेवर पांढरा पट्टा, अगदी खऱ्यासारखी. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, कारण खरी कबुतरेही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात आणि चरतात. मधोमध थोडी जागा मोकळी ठेवली, येणाऱ्या पाहुण्याला बसण्यासाठी. मग पंचवीस-तीस पावलांवर, कुंपणाच्या झुडपांना लागून, जाळीचा आडोसा उभारून सर्वजण आत गप्प बसले. आकाशातून जाणाऱ्या कबुतराला खाली आपले सोबती निवांत चरताना दिसत. ते पंख ताठ धरून, तरंगत, त्या मोकळ्या जागेकडे येई. तेवढ्यात बार होई.

हे सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजोबा, त्या खोट्या कबुतरांनी खऱ्या कबुतरांना बोलावलं. म्हणजे आपण त्यांच्याशी खोटं बोललो का?”

“उद्या सांगतो,” असे आम्ही म्हणालो. तो ‘उद्या’ पुष्कळ लांबला. त्या दिवसांत मनात जे आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे नमूद केले पाहिजे की जीव घ्यावा की घेऊ नये, हे मुलाने विचारलेच नव्हते. त्या प्रश्नाची उत्तरे आपापल्या घरात तयार असतात. आमच्या घरात रविवारच्या मिस्सानंतर मटण शिजते. तेव्हा त्या बाबतीत आम्ही कोणाला उपदेश करण्याच्या भूमिकेत नाही. शिवाय त्या शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. तिकडचे ते रानकबुतर आपल्या पारव्याहून मोठे असते. मोहरीवर्गातील पिके, वाटाणा, कोबी यांवर त्याचे थवे उतरले की शेत ओरबाडले जाते. म्हणूनच पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी त्याला मारण्याची मुभा तेथील सरकार सर्वसाधारण परवान्याने, अटी घालून देते. द्राक्षाच्या बागेवर जाळी टाकणाऱ्या आणि सोंगणीच्या दिवसांत पहाटेपासून गोफण घेऊन मचाणावर उभ्या राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

इतकेच नव्हे, तर या फसवणुकीच्या बाजूने एक दयेचा युक्तिवादही आहे. उंचावरून वेगाने जाणाऱ्या पक्ष्यावर बार टाकला, तर तो बहुधा घायाळ होतो आणि दूर कुठेतरी झुडपात तडफडत मरतो. खोट्या सोबत्यांमुळे तो जवळ येतो, वेग कमी करतो, आणि नेम चुकण्याची शक्यता घटते. म्हणजे फसवणूक जितकी चोख, तितक्या यातना कमी! मुलाच्या प्रश्नाची अवघड बाजू हीच आहे. असत्य येथे निर्दयतेच्या नव्हे, दयेच्या वेषात उभे आहे.

या विचारात असताना आम्हांस आमचे वडील आठवले. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. ही गोष्ट १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वीची. हिवाळ्यात ते आम्हांला त्र्यंबकच्या वाटेवर एका फळलेल्या उंबराखाली नेत. तेथे हरियाल येत. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबुतर आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पानांत बसले की नजरेला सापडत नाही, फक्त उंबरे खाली पडू लागली की ते वर असल्याचे कळते. वडील खोडाआड श्वास रोखून उभे राहत. चार-सहा पक्षी घेऊन आम्ही घरी येत असू, आणि आई रस्सा करी.

एकदा येवल्याकडच्या माळावर त्यांच्याबरोबर फिरताना आम्हांला एक फासेपारधी दिसला. त्याने जमिनीवर एक छोटा पिंजरा ठेवला होता आणि त्याच्याभोवती फासे मांडले होते. पिंजऱ्यात पाळलेला तितर होता. तो छाती काढून ओरडू लागला. थोड्या वेळाने काटेरी झुडपांतून उत्तर आले, आणि आपल्या हद्दीत कोण घुसला हे पाहायला रानातला नर तरातरा धावत आला. पिंजऱ्यापाशी पोहोचण्याआधीच त्याचा पाय फाशात अडकला. वडिलांनी तोंड फिरवले आणि म्हणाले, “ही बेइमानी आहे. मर्दाने समोरून मारावं.”

त्या वेळी आम्हांला ते वाक्य थोर वाटले होते. आज वाटत नाही. वडील तरी समोरून कोठे मारीत? ते खोडाआड लपतच होते. त्यांच्या बाजूने उंबराचे झाड आमिषाचे काम करीत होते, एवढाच फरक. आणि वडिलांची शिकार हा सुट्टीचा छंद होता, तर पारध्याच्या त्या दोन तितरांवर संध्याकाळचे पीठ अवलंबून होते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. फासेपारध्यांच्या कपाळीही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या जिभेवरून गेला नाही. वडिलांच्या तोंडून ‘बेइमानी’ हा शब्द इतक्या सहज निघाला, त्यात त्या शिक्क्याचाही वाटा असला पाहिजे. आम्हांला आता आठवते ते वेगळेच: काम झाल्यावर त्या माणसाने पिंजऱ्यातल्या तितराला कमरेच्या पुरचुंडीतून वाळवी काढून चारली, आणि बोटाने त्याची मान खाजवली.

असो. मूळ प्रश्नाकडे वळू. खोटे बोलणे म्हणजे काय? मनात एक असता दुसऱ्याला फसवण्याच्या हेतूने दुसरेच सांगणे, ही संत ऑगस्टीनची मांडणी प्रसिद्ध आहे. असत्य या विषयावर त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि सोयीस्कर असत्यालाही सूट दिली नाही. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी युद्धातील दबा धरून बसणे विचारात घेतले. आपला बेत शत्रूपासून लपवणे म्हणजे त्याच्याशी खोटे बोलणे नव्हे, असा निवाडा त्यांनी दिला. या न्यायाने पाहता वडिलांचे खोडाआड लपणे निर्दोष ठरते. पाखराला शब्दांची भाषा नाही, त्याने आपल्याला काही विचारलेले नाही, आपण त्याला काही वचन दिलेले नाही. मग प्लॅस्टिकचे कबुतर हे तरी असत्य कसे?

तर्क बिनचूक आहे. तरी मन राजी होत नाही. कारण लपणारा गप्प असतो. पण मांडून ठेवलेले कबुतर गप्प नसते. ते पाखराला त्याच्याच भाषेत सांगत असते: ये, येथे आपलेच सोबती आहेत, येथे भय नाही. पाखराला समजणारी जी काही भाषा आहे, ती हीच. शेतकऱ्याने ती शिकून घेतली आहे आणि तिच्यात तो एक असत्य वाक्य बोलला आहे, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

आणि त्या दोन फसवणुकींत आणखी एक भेद आम्हांला दिसू लागला. तितर पिंजऱ्याकडे येतो तो भांडायला. त्याला त्याचा ताठा ओढून आणतो. बेनसिराच्या ग्रंथात गर्विष्ठाच्या मनाला पिंजऱ्यातल्या फसव्या तितराची उपमा दिली आहे, ती वाचली की हा धंदा किती जुना आहे हे कळते. कबुतर मात्र भांडायला येत नाही. ते सोबतीला येते. तितर आपल्या अवगुणाने फसतो, कबुतर आपल्या गुणाने फसते. नातवाला जे टोचले ते बहुधा हेच असावे.

गुणावर टाकलेले जाळे किती दूर जाऊ शकते याचा दाखला उत्तर अमेरिकेत घडला. तेथील प्रवासी कबुतरांचे थवे एकेकाळी आकाश झाकून टाकीत. त्यांना पकडणारे लोक एका जिवंत कबुतराचे डोळे शिवून त्याला छोट्या बैठकीवर बांधीत. बैठक खाली-वर केली की ते पंख फडफडवी, आणि वरचा थवा ‘सोबती उतरतो आहे’ असे समजून जाळ्यात येई. पोलिसांच्या खबऱ्याला इंग्रजीत जे ‘स्टूल पिजन’ म्हणतात, त्याचे मूळ अनेक जण या बैठकीवरच्या कबुतरात शोधतात. त्या जातीच्या नाशात बंदुका, रेल्वे, तारायंत्र आणि जंगलतोड या सर्वांचाच वाटा होता. पण थव्याने राहणे हे जे तिचे बळ, तेच तिच्या मरणाचे साधन झाले. त्या जातीचे अखेरचे पाखरू १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

आता त्या काळ्या कुत्र्याविषयी. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यातून जाळी आणि मासे ओढून आणीत. पुढे इंग्लंडात पडलेला पक्षी शोधून आणण्याचे काम त्यांना लागले. जबडा मजबूत, पण पकड इतकी हलकी की पक्ष्याला दाताची खूण उमटू नये. या पिल्लाला शिकवले होते तेही खोट्याच पक्ष्यावर, कापडी गुंडाळीवर. नातू ती फेकी आणि “आण” म्हणे. परंतु ही फसवणूक नव्हती. हा खेळ आहे हे दोघांनाही ठाऊक होते आणि दोघेही त्यात सारखेच सुखी होते. तात्पर्य, खोटी वस्तू मुळात वाईट नसते. ती कोणामध्ये आणि कशासाठी ठेवली आहे यावर सारे ठरते.

आमच्या कन्येने नंतर सांगितले की पहिले कबुतर पडले तेव्हा कुत्रा धावत गेला, त्याने ते उचलले, पण कबुतराची पिसे फार सैल असतात. ती त्याच्या तोंडात सुटून आली. त्याने पक्षी खाली ठेवला आणि मागे वळून मुलाकडे पाहिले. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “आण.” आणि कुत्र्याने आणले.

हे ऐकल्यावर त्या प्रश्नाचा उगम आम्हांला कळला. मुलाने बंदूक धरली नव्हती, कबुतरे मांडली नव्हती. पण त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका जिवाने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने आज्ञा दिली. एकाच रानात त्याने एक विश्वास मोडताना पाहिला आणि दुसरा विश्वास स्वतःच्या हाती असल्याचे अनुभवले. दोहोंचा मेळ त्याला लागेना.

अखेर आम्ही त्याला फोन केला. त्याला सांगितले ते थोडक्यात असे: “बाळ, पाखराशी आपण माणसाशी बोलतो तसं खोटं बोललो नाही. पण ते ज्या गोष्टीवर विश्वास ठेवतं, तिचाच आपण फास केला. पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्याला ते करावं लागत असेल. पोटासाठी पारध्याला करावं लागलं असेल. ते गरजेपुरतं असावं, त्यात जीव तडफडू नये, आणि त्याची गंमत वाटू नये. किती पाडली याची मोजदाद सुरू झाली, की समजावं, गरज संपली आणि दुसरंच काही सुरू झालं.” प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे १९९२ ची धर्मशिक्षिका सांगते, त्यातील भर प्राण्याइतकाच माणसावर आहे, हेही त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगितले. फसलेले पाखरू एकदाच फसते. दुसऱ्याचा विश्वास हे वापरण्याचे साधन आहे, ही सवय मात्र फसवणाऱ्याच्या हाताला राहते, आणि तो हात पुढे पाखरांपुरता थांबत नाही.

मग आम्ही त्याला आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली: वडिलांनी त्या पारध्याला बेइमान म्हटले तेव्हा आम्हीही हसलो होतो. तो माणूस ऐकू जाईल इतक्या अंतरावर होता.

आता येथे तो काळ उरलेला नाही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे जातो. पाखरे बुजू नयेत म्हणून आडोशाला गप्प बसावे लागते, श्वासही हळू घ्यावा लागतो. वडिलांनी उंबराखाली शिकवलेले लपणे तेथे तंतोतंत उपयोगी पडते. हातात फक्त दुर्बीण असते.

नातू पुन्हा त्या रानात गेला की नाही, हे आम्ही विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही. फोन ठेवण्यापूर्वी तो एवढेच म्हणाला, “आजोबा, मी पूर्वी चेंडू टाकल्यासारखं करायचो आणि पाठीमागे लपवायचो. तो वेड्यासारखा शोधत राहायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. आता मी तसं करत नाही.”