पुंडलिकाचा थकवा

आईबापांची सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पुंडलिक उभा राहतो. प्रत्यक्ष परमेश्वर दारी आला असता त्याला विटेवर थांबवून आईबापांचे पाय चेपीत राहिलेला हा मुलगा आपण पिढ्यान्‌पिढ्या आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवीत आलो आहोत. मीही वर्गात तेच करतो. तथापि या कथेविषयी एक प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. पुंडलिक कधी थकला असेल काय? आणि थकला असेल, तर त्याची भक्ती तेवढ्याने उणी ठरते काय?

प्रश्न पोरकट नाही. ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेले माणूस आहे त्या घरात तो रोज रात्री विचारला जातो. मात्र मोठ्याने नव्हे. पूर्वी आपण 'म्हातारचळ' म्हणून, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेत असू. हा वयाचा चाळा नसून मेंदूचा आजार आहे, हे आता कळले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीच्या पुढची सुमारे ८८ लाख माणसे या आजाराने ग्रस्त आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे घरातले एक माणूस राबत असते. बहुधा ती बायको, मुलगी किंवा सून असते.

या आजारात नवे काही मनात ठरत नाही. जुने मात्र बराच काळ टिकते. सासूबाईंना माहेरच्या विहिरीवरचा रहाट आठवतो, पण तासापूर्वीचे जेवण आठवत नाही. 'मला कोणी जेवायला वाढीत नाही,' असे त्या आल्यागेल्याला सांगतात. जिने घास भरवला तिलाच 'बाई, तू कोणाची ग?' म्हणून विचारतात. पहिल्यांदा सुनेला हसू येते. दहाव्यांदा उत्तर कोरडे होते. विसाव्यांदा आवाज चढतो. मग रात्री सारे घर निजल्यावर 'सुटका होऊ दे एकदाची' असा विचार तिच्या मनात येऊन जातो आणि त्या विचाराचेच तिला भय वाटते. आपण माणूस की राक्षस, असे ती स्वतःला विचारते.

तिला दोषी ठरवण्यापूर्वी त्या विचाराची थोडी उलटतपासणी करू या. तिला सासूचे मरण हवे असते काय? मला तसे वाटत नाही. तिला एक सलग झोप हवी असते. आणि आपल्याला नावाने हाक मारणारी जुनी सासू परत हवी असते. आम्हा मास्तरांच्या हजेरीपटात हजर आणि गैरहजर अशा दोनच खुणा. खाटेवर हजर असून गैरहजर असलेल्या माणसासाठी तिसरी खूण नाही. पॉलिन बॉस या अमेरिकन विदुषीने १९७० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तेथे आढळलेल्या दुःखाला तिने जे नाव दिले त्याला मराठीत 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. पुढे स्मृतिभ्रंशाच्या घरांतही तिला तेच दुःख दिसले. गेलेल्या माणसासाठी दहावे-तेरावे असते, भेटायला येणारे असतात, रडायची मुभा असते. जिवंत माणसासाठी रडणारीला लोक म्हणतात, "असे अभद्र काय बोलतेस?" मग ते दुःख संतापाची वाट धरते.

यावर कोणी म्हणेल, चिडले तर बिघडले काय? त्यांना थोडेच आठवणार आहे! येथे मात्र सावध राहायला हवे. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटप्रसंग दाखविले. पाहिलेले बहुतेक सारे ते थोड्याच वेळात विसरले. पण त्या प्रसंगांनी मनात जागवलेले दुःख वा आनंद नंतरही रेंगाळत राहिला. याचा अर्थ, शब्द विसरला तरी ओरखडा राहतो. तसाच मायेचा हातही राहतो. म्हणून सेवा करणाऱ्याने शांत राहावे, हे खरे. परंतु तीन रात्री न झोपलेल्या माणसाने शांत कोठून आणावे? अशा कुटुंबांसाठी अमेरिकेत १९८१ साली निघालेल्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी 'छत्तीस तासांचा दिवस' असा आहे. तेव्हा सेवेकऱ्याची विश्रांती ही चैन नव्हे, ती सेवेचाच भाग आहे, असे माझे मत आहे. थकणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. ज्याने ओझे उचललेच नाही, तो थकत नाही.

आता पुन्हा पंढरीच्या कथेकडे पाहू. तिच्यात पुंडलिकाइतकाच विठोबाही शिकण्यासारखा आहे. 'मी आलो तरी उठत कसा नाहीस?' म्हणून तो रागावला नाही. 'पाय असे नव्हे, असे चेप,' असा उपदेशही त्याने केला नाही. तो थांबला. आपण पाहुणे मात्र दिवाळीला जातो, फराळ करतो, खाटेकडे एकदा पाहून 'फारच खालावल्या हो!' म्हणतो, जमल्यास एखादे औषध सुचवतो आणि निघतो.

भाऊबीजेला ज्यांना अशा घरी जायचे आहे, त्यांनी यंदा ओवाळणीत एक दुपार घालून पाहावी. "ताई, तू जाऊन नीज, चार वाजेपर्यंत आईंजवळ मी बसतो," एवढेच म्हणावे. आईंनी वीस वेळा 'तू कोणाचा रे?' म्हणून विचारले, तर वीस वेळा सांगावे.