रिकामी खोली

विठ्ठला, आज आषाढी. पंढरपुरात चंद्रभागेला गर्दी असेल, इथे ऑकलंडला भर हिवाळा आहे आणि सकाळपासून पावसाची झड लागली आहे. साबुदाणा भिजवून ठेवलाय. पण उपवास सोडायच्या आधी तुझ्याशी एक बोलायचं आहे. चैत्रात मी खोटं बोलले.

परसातली सुटी खोली, जिला इथे स्लीपआउट म्हणतात, भाड्याने द्यायची होती. एकाचा फोन आला. बोलणं अदबीचं. भाडं विचारलं, बसथांबा किती लांब ते विचारलं, आणि मी न विचारताच म्हणाला, मी तुरुंगातून नुकताच सुटलोय, तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो. मी म्हटलं, खोली गेली. तो 'नो वरीज' म्हणाला आणि फोन ठेवला. जाहिरात पुढे आठवडाभर तशीच होती. त्याने ती पाहिलीच असणार.

देवा, तो खोटं बोलला असता तर त्याला खोली मिळाली असती. बाहेर आल्यावरचा पहिला धडा त्याला मी शिकवला.

इथे सुटून येणाऱ्या दहांतले सुमारे सहा दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरतात. आम्ही हा आकडा वाचतो आणि जित्याची खोड म्हणून पेपर मिटतो. सुटताना गरजूच्या हातात वर्षानुवर्षे जास्तीत जास्त 350 डॉलर पडत आले. त्या अनुदानाचं नाव 'स्टेप्स टू फ्रीडम', म्हणजे स्वातंत्र्याकडची पावलं. मी खोलीचा नुसता बॉण्डच, म्हणजे अनामत, त्याहून जास्त मागत होते. पत्ता नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पत्ता नाही. मग जुना सोबती, जुन्या टोळीतला कुणीतरी, आपल्या सोफ्यावर जागा देतो. तो काही विचारत नाही. आमच्यापैकी कुणी दिली नाही ती जागा त्याने दिली, मग त्याने काही सांगितलं तर ऐकावंच लागतं.

2004 चा क्लीन स्लेट कायदा आहे इथे. सात वर्षं नीट वागलं, बाकीच्या अटी पाळल्या की जुना गुन्हा झाकला जातो. पण ज्याला एकदाही तुरुंगाची शिक्षा झाली, त्याची पाटी कोरी होत नाही, सात वर्षांनी नाही, सत्तर वर्षांनी नाही. तू पुंडलिकाकडे कुठला दाखला मागितला होतास? आईबापांना छळणारा पोरगा होता तो. सुधारला, आणि तू त्याच्या दाराशी विटेवर उभा राहिलास, आत ये म्हणेपर्यंत.

आणि ते 501 वाले. त्यांतले कित्येक लहानपणी आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलेले, बोली तिकडची, मुलंबाळं तिकडे. तिकडच्या कायद्याचं 501 वं कलम 2014 च्या अखेरीस कडक झालं, तेव्हापासून शिक्षा भोगून झालेल्यांना विमानाने इकडे आणून उतरवतात. मी आले तेव्हा विमानतळावर भाऊजी थर्मासमध्ये चहा घेऊन उभे होते. यांच्यासाठी कोण असतं?

न्यूझीलंडच्या तुरुंगांत निम्म्याहून जास्त माओरी आहेत, लोकसंख्येत मात्र सहांतला एक. 2024 मध्ये शाही चौकशी आयोगाचा अहवाल आला: सरकारने बालगृहांत ठेवलेल्या मुलांपैकी पाचांतलं एक, कधी तर तिनांतलं एक, पुढे तुरुंगात गेलं. आधी घरातून उचलायचं, मग घर नाही म्हणून बोट दाखवायचं. हे मी पाहुणी म्हणून वाचत होते. पण पासपोर्ट इथला झाला, आता कसली पाहुणी?

माझी भीतीही ऐकून घे, विठू. ती नुसतं ढोंग नव्हती. 2022 च्या नोव्हेंबरात इथल्याच सँडरिंगम भागातल्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, आपल्यातलाच एक काम करणारा माणूस भोसकून मारला गेला. त्या गुन्ह्याचा या फोनवाल्याशी काडीचा संबंध नाही, पण त्यानंतर आम्ही सगळेच दाराला दोन कड्या लावायला लागलो. माझी मुलगी मागच्या खोलीत झोपते. ज्यांचं माणूस गेलं त्यांना क्षमा कर असं सांगायला मी जाणार नाही. तूही सांगू नकोस.

माझं आजोळ आटपाडीकडचं. तिथे औंधच्या राजाने 1939 च्या सुमारास, पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमनच्या सांगण्यावरून, स्वतंत्रपूर वसवलं. खुनाची शिक्षा झालेली माणसं, भोवती भिंत नाही, शेती करायची आणि बायकापोरांसह राहायचं. शांतारामबापूंनी त्यावरूनच 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो सिनेमा लागला की मी दर वेळी रडते. डोळे पुसून खोलीची जाहिरात देते आणि खाली लिहिते, 'सभ्य माणसांसाठी'.

इथे डनीडनला मोआना हाउस 1987 पासून तुरुंगातून सुटलेल्या माणसांना ठेवून घेतं. त्यांच्या चुलीला कधी काही कमी पडू देऊ नकोस. मला त्यांच्याएवढं धैर्य दे असं म्हणत नाही. मागून उपयोग नाही, मला मी माहीत आहे.

श्रावणात खोली पुन्हा रिकामी होतेय. आत्ताच्या विद्यार्थ्याचा कोर्स संपला. जाहिरात अजून दिलेली नाही. त्या माणसाचा नंबर फोनमध्ये आहे, नाव न घातलेला. मी तो लावीन की नाही, तुला काय सांगू. पण लावलाच, माऊली, तर तेव्हा तो बाहेर असू दे.