मुखवटा फोडावा का?

गीतेचा दुसरा अध्याय वाचताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. देह म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून पुढे जातो. पटतं. मग गेलेल्या माणसाच्या देहाला आपण इतकं का जपतो? आज या प्रश्नासाठी जरा लांब, प्राचीन इजिप्तमध्ये जाऊ या.

तुतनखामेनचा मुखवटा आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलाय. सुमारे दहा किलो सोनं, भुवयांना लाजवर्द हा निळा दगड. डोक्यावरचे निळे पट्टे मात्र काचेचे! पाठीवर मंत्र कोरलाय, मृताचा एकेक अवयव एकेका देवतेशी जोडणारा. आपल्याकडे न्यास करतात ना, तसंच काहीसं.

सगळ्यांना सोनं कुठून परवडणार? मग लिननच्या कापडाचे थर चिकटवायचे, वर गिलावा द्यायचा आणि चेहरा रंगवायचा. पुढे ग्रीक राजवटीत कापडाऐवजी रद्दीतले पपायरसही वापरू लागले. जुने हिशेब, अर्ज, पत्रं, काहीही.

१८९० च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्रीला गुरोब इथल्या ममींच्या अशाच आवरणांत प्लेटोच्या 'फीडो'चे तुकडे मिळाले. त्या ग्रंथात सॉक्रेटिस मृत्यूच्या दिवशी शिष्यांशी आत्म्याबद्दल बोलतो. तुला पुरायचं कसं, असं विचारल्यावर तो म्हणतो की हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर! आणि तोच ग्रंथ कुणाच्या तरी देहाचं आवरण झाला.

आतलं वाचायचं तर आवरणाचे थर सोडवावे लागतात. विसाव्या शतकात अभ्यासकांनी असे कितीतरी मुखवटे भिजवून विरघळवले. मजकूर मिळाला, चेहरा गेला. आता वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात फोटो काढून, न फोडता वाचायचा प्रयत्न होतो. पण सगळंच दिसतं असं नाही.

मी इंजिनिअर. पूर्वी म्हटलं असतं, डेटा महत्त्वाचा, फोडा. मग मी आजीची पोथी स्कॅन करायला घेतली. पानं सपाट बसेनात, म्हणून शिवण उसवली. पीडीएफ एकदम स्वच्छ आली. शिवण आजीच्या हातची होती. आई काही बोलली नाही. तिने तो दोरा उचलला आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

त्या दिवसापासून मला असं वाटतं, की देह म्हणजे वस्त्र हे मी माझ्या देहाबद्दल म्हणावं. सॉक्रेटिसही स्वतःच्याच देहाबद्दल बोलत होता. दुसऱ्या कुणी मायेने रंगवलेला चेहरा फोडताना तेच वाक्य वापरलं, तर ते वैराग्य नाही, ती माझी सोय झाली. आत्म्याला मुखवटा लागत नसेलही. पण तो करणाऱ्याला लागत होता, आणि त्याला आता आपण विचारू शकत नाही.

म्हणून मी थांबायच्या बाजूचा आहे. मजकूर दोन हजार वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबेल.

आज घरातली एखादी जुनी वस्तू टाकण्याआधी एवढंच विचारू या, ही कुणी बांधली होती?